पहिल्या मगाचं पाणी

७ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

तुला आणि तुझ्या आईला मामाचे आशीर्वाद. पार्सल काल दुपारी पोचलं. टपालवाल्याने ते जिन्याच्या तोंडाशी ठेवलं आणि घंटी वाजवून पळ काढला, वर चढायला नको म्हणून. नरसाळं शाबूत आहे. बाटल्या बाराच्या बारा आहेत, मी दोनदा मोजल्या. एकीच्या झाकणावर बारीक चरा आहे. तो आधीचाच आहे, माझ्या हातून झालेला नाही, हे आत्ताच कळवून ठेवतो.

तुझा छापील कागद मी बोट ठेवून चार वेळा वाचला. पावसाचं पाणी आणि पुढे बर्फ, दोन्ही गच्चीवर नरसाळ्यात धरायचं, बाटलीत भरायचं, तारीख घालायची आणि तुझ्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तुम्ही त्यातली काजळी मोजणार. एवढं कळलं. पण वाऱ्याने नरसाळं उडालं तर? त्यावर कबुतर बसलं तर? गच्चीला बासष्ट पायऱ्या आहेत, उतरताना माझा पाय घसरला तर आधी बाटली सांभाळायची की कठडा धरायचा? कागदात यातलं काही नाही. मामी म्हणते, "चौथीत शाळा सोडलीत, आता सत्तरीत परीक्षेला बसा." तिला हसू येतं. मला काल जेवण गेलं नाही.

तुला माझ्याहून शहाणा माणूस मिळाला नाही का गं? इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं चादरी धुतल्या, एवढीच माझी विद्या. काजळीशी ओळख आहे, पण ती शत्रू म्हणून. कारखान्याचं धुराडं सकाळी पेटलं की वाळत घातलेल्या चादरींवर तिळाएवढे काळे ठिपके. मग पुन्हा धुवा, पुन्हा पिळा. तू त्या वेळी कोरड्या टबात बसून गोल गोल फिरायचीस, म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं.

उलट टपाली एक कळव. माझ्या हातून बिघडलं तर तुझं नेमकं काय अडेल? ते कळलं म्हणजे काळजी कशाची करायची हे ठरवता येईल.

तुझा मामा

---

१६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

नमस्कार. आधी कठडा धरायचा. बाटल्या माझ्याकडे आणखी शंभर आहेत, मामा एकच आहे. कबुतर बसलं तर हाकला आणि नरसाळं साध्या पाण्याने धुऊन घ्या. साबण नको. धुलाईखान्यातल्या माणसाला हे सांगताना जीभ अडखळते, पण साबण नकोच.

तुम्ही विचारलंत म्हणून लपवत नाही. पाच गावांत मी अशी पाच नरसाळी ठेवली आहेत. त्यांतलं सगळ्यात दाट धुराचं गाव तुमचं. पाऊस आणि बर्फ हवेतली काजळी किती धुऊन काढतात, हे मला दाखवायचं आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण ताजी काजळी मोठी चिवट असते. ती तेलकट, पाण्याला अंगाशी येऊ देत नाही. शिवाय इतकी बारीक की पावसाचा थेंब खाली येताना समोरची हवा बाजूला सारतो आणि त्या हवेबरोबर काजळीही बगल देऊन निसटते. हवेत काही दिवस राहून तिच्यावर इतर क्षारांची पुटं चढली की मग ती पाणी धरते, ढगातल्या थेंबाच्या पोटात जाऊन बसते आणि पावसाबरोबर खाली येते. बर्फाची गोष्ट वेगळी. पाकळी रुंद, फाटेफाटे असलेली, पडते हळू. वाटेतली हवा जणू चाळत येते. माझं म्हणणं असं की तेवढ्याच पाण्याच्या मानाने बर्फ पावसापेक्षा जास्त काजळी खाली आणतो. आमचे विभागप्रमुख म्हणतात, हा माझा भाबडेपणा आहे.

पंधरा मार्चला बैठक आहे. तोवर काही हाती लागलं नाही तर पाचही नरसाळी बंद होतील, आणि मला दुसऱ्या कुणाच्या कामावर आकडे भरायला बसवतील. चार वर्षांचं काम आहे, मामा.

झालं. आता काळजी करा, पण बेतानं.

तुमची भिंगरी

---

१२ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. सहा बाटल्या पाठवल्या आहेत. चार वेळा पाऊस झाला, दोनदा दोन-दोन बाटल्या भरल्या. पाणी बघशील तर खूश होशील. असं नितळ की मामीने बाटलीमागे वर्तमानपत्र धरून मथळा वाचला. तुझ्या साहेबांसमोर आपल्या पाण्याला कुणी नावं ठेवू नयेत, म्हणून मी फार जपून काम केलं.

तुझं चार वर्षांचं काम आहे हे वाचल्यापासून मी कसलाही धोका पत्करत नाही. आता पाऊस सुरू झाला की मी छत्री घेऊन नरसाळ्यापाशीच उभा राहतो. परवा मामी वर येऊन म्हणाली, "अहो, ते नरसाळं आहे, तान्हं मूल नव्हे. ते रडणार नाही."

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याशी मात्र बिनसलं होतं. पहिल्या पावसात मी काही पाणी कठड्यावरून ओतलं, तर त्याच्या खिडकीत टांगलेल्या नवरीच्या पांढऱ्या झग्यावर काळे शिंतोडे गेले. तो कात्री हातात घेऊनच वर आला. "काका, वरून शाई फेकता का?" मी म्हटलं, "बाबा रे, ही शाई आभाळाची आहे." त्याला पटेना. झगा मी स्वतः धुऊन दिला, एक डाग ठेवला नाही. आता बोलतो. ते मी निस्तरलं आहे, तू मनाला लावून घेऊ नको.

बाटल्या पोचल्याचं लगेच कळव.

तुझा मामा

---

१ डिसेंबर

प्रिय मामा,

बाटल्या पोचल्या, एकही फुटली नाही.

पण गोड लागणारं काही लिहायला नाही. तुमच्या बाटल्यांत काजळी जवळजवळ नाहीच. पाच गावांत सगळ्यात स्वच्छ पाणी तुमचं. डोंगरावरच्या गावाहूनही स्वच्छ, जिथे कारखाना सोडा, बसही दिवसातून एकदा जाते. विभागप्रमुखांनी आकडे बघून चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्या मामांच्या गावात धुराड्यातून काय अत्तर सुटतं?" सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

त्यांचं म्हणणं सरळ आहे. एवढ्या धुराच्या गावात पावसात काजळी सापडत नाही, म्हणजे पाऊस ती धूत नाही. प्रश्न मिटला.

आता सगळी भिस्त बर्फावर. तुमच्याकडे लवकरच पडेल. मामा, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, तुमच्याइतक्या काळजीने कुणीच करत नाही. मोजमाप माझं आहे, तेव्हा चूकही माझीच असणार. मी सगळी यंत्रं पुन्हा तपासते आहे.

तुमची भिंगरी

---

१३ डिसेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मला काही सुधरेना. त्या साहेबांना म्हणावं, इथे या आणि गच्चीवर तासभर पांढरा सदरा घालून उभे राहा. घरी जाताना तो सदरा कुठल्या रंगाचा होता हे बायकोला सांगावं लागेल.

शनिवारी बर्फ पडला. दोन बाटल्या पाठवतो. हेही पाणी चांगलं नितळ आहे. पहिल्या तासाचा बर्फ करडा निघाला, तो मी काढून टाकला आणि मग नरसाळं पुसून स्वच्छ बर्फ धरला. पावसाचंही तसंच करतो, पहिलं दोन मग पाणी ओतून देतो, मगच बाटली लावतो. तेव्हा घाण राहायला जागाच नाही. धुलाईखान्यात गच्चीवरच्या टाकीचं पहिलं पाणी आम्ही कधी चादरींना लागू दिलं नाही. तिथे नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. तुझ्या कागदात लिहिलेलं नव्हतं, पण मी म्हटलं, एवढं तर कुणालाही ठाऊक असतं.

मग काजळी जाते कुठे, हे कोडं मला सुटत नाही. तुझी यंत्रं जुनी असतील का?

मामीचा गुडघा बरा आहे.

तुझा मामा

---

१९ डिसेंबर

मामा,

पहिलं पाणीच तर मला हवं होतं.

धुतलेली काजळी त्या पहिल्या दोन मगांतच होती. तुम्ही तिला ओतून दिलंत आणि मला धुतलेल्या हवेचं पाणी पाठवलंत. कागदात लिहायला मी विसरले, कारण पहिलं पाणी कुणी टाकून देईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोष माझा आहे. पण पावसाळा सरला, आणि पहिले चार पाऊस आता परत येणार नाहीत.

जास्त लिहवत नाही.

भिंगरी

---

६ जानेवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी गच्चीवर गेलो नाही. पत्र लिहायला चार वेळा बसलो आणि उठलो. तुझ्या आईला काय तोंड दाखवू? माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक पोर, चार वर्षं राबली, आणि मी तिचे कष्ट मगाने मोजून गटारात ओतले. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग काढले आणि स्वतःच्या भाचीच्या कामाला डाग लावला. एकतीस वर्षांत एवढी मोठी चूक झाली नव्हती.

हे सगळं मी काल सकाळी चहा घेताना मामीला ऐकवत होतो. तिसऱ्यांदा. ती म्हणाली, "ओतलंत ते पाणी. काळं कुठे ओतलंत?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे माझ्या कपाटात खालच्या खणात जे बोचकं कोंबून ठेवलंय ना, ते काय आहे? दोन महिने माझ्या शालींना जागा नाही."

भिंगरे, मी चहा तसाच टाकून कपाटाकडे धावलो.

सगळं सांगतो. झग्याच्या भांडणानंतर शिंप्याने मला एकाच ताग्यातल्या पांढऱ्या कापडाचे तुकडे कापून दिले. म्हणाला, "यापुढे यातून गाळून मग ओता." तेव्हापासून टाकायचा प्रत्येक मग मी चौपदरी कापडातून गाळला. पहिल्या मगाला एक तुकडा, दुसऱ्याला दुसरा. पहिल्या तासाचा बर्फ वितळवला, त्याचे दोन मग झाले, तेही तसेच गाळले. आणि तुकडे वाळवून ठेवून दिले. का? तर उद्या शिंपी पुन्हा कात्री घेऊन आला तर दाखवायला, की बघ, हे आभाळातून आलं आहे, माझ्या घरातून नाही. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि कितवा मग हे लिहिलं आहे, धुलाईखान्याच्या न पुसल्या जाणाऱ्या शाईने. पहिल्या पावसाचे तुकडे नाहीत, तो झग्यावर गेला. बाकी तीन पावसांचे आणि एका बर्फाचे मिळून आठ आहेत.

मोजायला एकच मग वापरला, पांढरा एनॅमलचा, दर वेळी काठोकाठ भरून. तोही पाठवतो. मामी म्हणते, चहाला दुसरा घेऊ.

याचा काही उपयोग नसेल तर तसं स्पष्ट लिही. असेल तरी स्पष्ट लिही. पार्सल मी स्वतः टपाल कचेरीत नेलं आणि कारकुनाला तीनदा बजावलं. तो म्हणाला, "आजोबा, आत काय हिरे आहेत का?" मी म्हटलं, "कोळसे आहेत, पण त्यांचाच जास्त भरवसा आहे."

तुझा अपराधी मामा

---

२८ जानेवारी

माझ्या लाडक्या मामा,

तुमचं बोचकं मी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर उघडलं आणि पहिल्या मगाचा तुकडा काढला. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे बाप रे." ते विभागप्रमुखच होते.

आता नीट ऐका. कापड सगळी काजळी धरत नाही, बारीक कण निसटतात. म्हणून तुमच्या शिंप्याला मी पत्र टाकलं आणि त्याने त्याच ताग्यातलं हातभर कापड उलट टपाली पाठवलं. सोबत चिठ्ठी: 'काकांना सांगा, राग गेला.' त्या कापडातून मी मोजून काजळी घातलेलं पाणी वीस वेळा गाळलं. दर वेळी दहातले चार भाग कापडावर राहिले, फारसा फरक नाही. म्हणजे कापडावर किती आहे हे कळलं की मगात किती होती हे कळतं. मग तुमच्या प्रत्येक तुकड्यातून प्रकाश सोडला आणि किती आरपार येतो ते बघितलं. काळं जितकं जास्त, उजेड तितका कमी.

तिन्ही पावसांत पहिल्या मगात दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट काजळी. आणि बर्फाचा पहिला मग पावसाच्या कुठल्याही पहिल्या मगाहून काळा! तुमच्या त्या नितळ बाटल्याही आता कामाच्या झाल्या, कारण धुऊन झाल्यावर काय उरतं ते त्या सांगतात. तुम्ही ओतून दिलं नसतंत, सगळं एकाच बाटलीत भरून पाठवलं असतंत, तर पहिलं आणि नंतरचं वेगळं दिसलंच नसतं. तुमची चूक माझ्या कागदापेक्षा हुशार निघाली.

पण विभागप्रमुख सहजासहजी हार मानणारे नाहीत. ते म्हणतात, एका बर्फावर भरवसा नाही. आणि दुसरं, बर्फात काजळी आली हे मान्य, पण त्याने हवा स्वच्छ झाली हे कुठे दिसतं? हवेतली काजळी मोजायचं यंत्र तुमच्या गावात नाही, आणि मार्चच्या आत ते मिळणार नाही.

पुढचा पाऊस, पुढचा बर्फ, काहीही पडो, मगामागून मग वेगळा धरत राहा आणि एकही थेंब सोडू नका. तुमचा एनॅमलचा मग परत पाठवते आहे.

तुमची भिंगरी

---

२२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पार्सल आधी उघड, मग पत्र वाच. नाही, आधी पत्र वाच, नाहीतर तुकड्यांची उलटापालट होईल.

हवा स्वच्छ झाली हे कुठे दिसतं, असं तुझे साहेब विचारतात. मला वाटलं, काहीतरी अवघड विचारत असतील, माझी समज कमी पडत असेल. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, शस्त्रक्रियेच्या चादरी तुम्ही कधी वाळत घालायचात?"

बर्फ थांबला की! एकतीस वर्षं आम्ही तेच केलं. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या चादरींवर एक ठिपका चालत नसे. त्या आम्ही राखून ठेवायचो आणि बर्फ थांबल्यावर लगेच दोरीवर घालायचो. तशाच्या तशा पांढऱ्या उतरायच्या. पाऊस थांबल्यावरही बऱ्या, पण बर्फानंतर सगळ्यात चांगल्या. हे मला ठाऊकच होतं, पण याला कुणी शास्त्र म्हणत असेल हे ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

मग मी ठरवलं. गेल्या मंगळवारी सकाळी आभाळ भरून आलं. बर्फ सुरू व्हायच्या आधी शिंप्याचे चार ओले तुकडे गच्चीवरच्या दोरीला बरोबर दोन तास टांगले. मग आधी पाऊस आला, पाऊण तास. नंतर त्याचाच बर्फ झाला, साडेतीन तास. सगळं धरलं. मी नरसाळ्यापाशी, मामी खुर्ची टाकून मांडीवर घड्याळ घेऊन, आणि शिंपी दुकान बंद करून हातात मग घेऊन. तो म्हणत होता, "काका, लग्नाला एवढी धावपळ केली नव्हती." मामी म्हणाली, "म्हणून तर बायको रोज बोलते." हसता हसता मग सांडणार होता, मी दोघांवर ओरडलो. सांडला नाही.

बर्फ थांबल्याबरोबर नवे चार ओले तुकडे, त्याच दोरीला, त्याच चिमट्यांनी, पुन्हा बरोबर दोन तास. वारा तोच, पश्चिमेचा. धुराडंही चालूच होतं, मी सकाळपासून त्याच्यावर नजर ठेवून होतो, ते एकदाही विझलं नाही.

आधीचे चार तुकडे बघ आणि नंतरचे चार बघ. मला यंत्र नको. मामीलाही नको.

एक काळजी राहिली आहे. नंतरच्या तिसऱ्या तुकड्यावर कोपऱ्यात एक ठिपका आहे. तो काजळीचा नाही, शिंप्याच्या चहाचा आहे. तसं त्याने लिहून दिलं आहे, सहीनिशी. चिठ्ठी आत आहे.

तुझा मामा

---

१५ मार्च, दुपारी

मामा!

बैठकीतून आत्ता बाहेर आले आणि जिन्यातच बसून लिहिते आहे.

मी तक्ते केले होते, आकडे केले होते. सकाळी मला काय वाटलं कोण जाणे, मी सभागृहात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि तुमचे सगळे तुकडे चिमट्यांनी टांगले. डावीकडून पहिला मग, दुसरा मग, पाऊस, बर्फ. शेवटी बर्फाआधीचे चार आणि बर्फानंतरचे चार. बाहेरून आलेली बडी मंडळी आत शिरली आणि खुर्च्यांवर बसलीच नाहीत. दोरीच्या कडेने चालत गेली, शेवटपर्यंत.

विभागप्रमुख शेवटच्या आठ तुकड्यांसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, "धुराडं चालू होतं?" मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. "आणि हा ठिपका?" मी शिंप्याची चिठ्ठी वाचली. सगळे हसले, मामा, पण या वेळी आपल्या बाजूने. मग आमचे विभागप्रमुख, जे बारा वर्षांत कुणाला "ठीक आहे" यापलीकडे काही म्हणाले नाहीत, ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बर्फाबद्दल माझं चुकलं. यांचं बरोबर आहे."

नरसाळी बंद होणार नाहीत. पाचाची वीस होणार आहेत! काम माझ्याकडेच राहील. प्रत्येक ठिकाणी मग बदलायचे, आणि पावसाआधी व पावसानंतर पांढरं कापड टांगायचं. कागद नव्याने छापायचा आहे. त्याला मी नाव दिलं आहे 'धुलाईखान्याची पद्धत', आणि विभागप्रमुखांनी त्यावर सही केली. तो कागद तुम्ही तपासून द्यायचा. काही राहून गेलं असेल तर ते तुम्हालाच दिसेल, कारण काय काय बिघडू शकतं याचा विचार तुमच्याइतका कुणीच करत नाही.

आईला फोन केला. ती रडली आणि म्हणाली, दादाला सांग, जेवून घे.

तुमची, तुमचीच भिंगरी

---

२४ मार्च

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी शिंप्याच्या दुकानात उभं राहून मोठ्याने वाचलं. गिऱ्हाईकं थांबली होती, त्यांनीही ऐकलं. चहाच्या ठिपक्यापाशी शिंप्याने दोन्ही हात वर केले. ती चिठ्ठी चौकटीत लावायला परत मिळेल का, असं विचारतो आहे.

नव्या कागदात सतरा गोष्टी राहिल्या आहेत. वेगळ्या कागदावर लिहून पाठवतो. सगळ्यात वर लिहिलं आहे: पहिलं पाणी टाकू नये. त्याखाली: टाकलंच तर गाळून टाकावं आणि कापड जपून ठेवावं. तिसरी गोष्ट कठड्याची.

आता मला नवी काळजी लागली आहे. वीस ठिकाणी वीस माणसं. ती नीट करतील का? त्यांच्या घरी मामी आहे का? कबुतरांचं त्यांना सांगितलं आहे का?

काल सकाळी या वर्षीचा बहुधा शेवटचा बर्फ पडला. मग बदलून, सगळं धरून, बाटल्या भरून झाल्यावर मामी खालून लग्नातली मोठी पांढरी चादर धुऊन ओलीच घेऊन आली, जी तिने या गावात कधी बाहेर वाळत घातली नव्हती. म्हणाली, "घाला दोरीवर. बघू तरी तुमचं शास्त्र." मी म्हटलं, अगं, एखादा ठिपका पडला तर? ती म्हणाली, "तर तुम्ही धुवाल. आयुष्यभर दुसऱ्यांच्याच धुतल्यात."

समोर धुराडं चालू होतं. आम्ही दोन खुर्च्या टाकून चादर वाळेपर्यंत बसलो. मग मी ती उतरवली, उजेडात धरली, काठ, मधला भाग, चारही कोपरे, सगळं बोट फिरवून बघितलं. मामी विचारत होती, "आहे का? आहे का?"

नाही. एकही नाही.

तुझा मामा

ता. क. नरसाळ्यावर कबुतर बसलं होतं. हाकललं. साध्या पाण्याने धुतलं. साबण नाही.